ओट्यावर मांडलेलं काम

आमच्या घरात कुठलंही मोठं काम निघालं की आधी समोरचा ओटा झाडून घेतला जायचा. मग बाबा आतून एकेक वस्तू आणून त्यावर डावीकडून उजवीकडे मांडत. पोळ्याआधी घराला चुना द्यायचा असला तर सगळ्यात डावीकडे शिडी, मग भांड्यांवर टाकायची जुनी चादर, मग भिंत खरवडायचा पत्रा, मग चुन्याची बादली, कुंचा, आणि अगदी शेवटी फरशी पुसायचं पोतं. एक वस्तू म्हणजे एक काम. ज्यानं वस्तू उचलली, त्याचं ते काम. काम संपलं की त्यानं ती वस्तू ओट्याच्या उजव्या टोकाला नेऊन उपडी ठेवायची. डावं टोक रिकामं झालं की समजायचं, काम झालं. यात कुणी कुणाला ओरडायचं नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही. महाल भागातल्या आमच्या गल्लीत येणारे-जाणारे थांबून बघत आणि ‘आज काय निघालं बाप्पा नानांकडं’ असं म्हणत पुढे जात; बाबांना सगळी गल्ली नाना म्हणे. मला त्या वयात या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. इतरांच्या ओट्यावर माणसं बसत, आमच्या ओट्यावर बादल्या.

बाबा हिंगण्याला एका कंपनीत होते. तिथं मोठाल्या यंत्रांचे भाग जोडायचं काम चाले आणि पाळीतल्या माणसांना दिवसाचं काम वाटून देणं ही बाबांची नोकरी होती. सकाळी कंपनीची बस चौकात येऊन दोनदा भोंगा वाजवी. तो भोंगा आमच्या घराचं घड्याळ होता. दुसऱ्या भोंग्याला बाबांचा पाय पायदानावर असलाच पाहिजे. संध्याकाळी ते परतत तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तेलाचा वास असे, आणि तोंडात त्याच गोष्टी. “मोठं काम कोणीच करत नाही, बेबी,” ते मला सांगत. “मोठ्या कामाले सगळे भेतेत. लोक लहान लहान कामं करतेत, अन् मोठं काम होऊन जाते.” काम पुरेसं लहान झालं की नाही हे ओळखायची त्यांची एक खूण होती. जे काम करताना मध्येच चहाला उठावं लागतं, ते अजून मोठं आहे, त्याला आणखी तोडा. कागदावर लिहून ठेवायला मात्र त्यांचा सक्त विरोध. कागदावर काम लिहिलं की ते झाल्यासारखं वाटून माणूस झोपी जातो, असं त्यांचं म्हणणं.

या शास्त्राची थट्टा घरात दोन माणसं करत. एक आई. उन्हाळ्यात कुरड्यांसाठी गहू भिजत घातले की ती बाबांना मुद्दाम विचारायची, “मी आता कोणती वस्तू उचलू? गहू भिजून राहिले आहेत. ते पाहत बसायचं काम कुठं मांडलं तुम्ही?” बाबा गंभीरपणे म्हणत, “जे आपोआप होते ते काम नाही.” दुसरा मधुकाका, बाबांचा धाकटा भाऊ. तो गांधीबागेत कापडाच्या दुकानात होता. गादीवर उभं राहून तो लुगडं हवेत असं उडवायचा की खाली पडताना त्याची घडी झालेली असायची. घरातही सगळं तसंच. सकाळी आंघोळ, कपडे, भांग, ताटातली भाकरी आणि सायकलला टांग हे सगळं त्याचं एकाच झपाट्यात, शीळ घालत व्हायचं. कुठे एक गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली ते कळायचंही नाही. “दादा, तू काम तोडतो,” तो म्हणायचा, “मी उरकतो.” बाबा हसत. भावावर त्यांचा फार जीव होता. आई-वडील लवकर गेल्यावर त्याला बाबांनी आणि आत्यानं वाढवलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याकडेच राहायची. तिनं बाबांच्या ओट्यावरची वस्तू आयुष्यात कधी उचलली नाही. “मी काही तुझ्या कंपनीत नाही गा, वसंता,” असं एकदा तिनं सांगून टाकलं, तेव्हापासून तिचा प्रांत वेगळा. देवघर तिचं, लोणची तिची, आणि घरात कुणाला ताप आला तर मीठमोहऱ्या ओवाळणं तिचं. विहिरीची पूजाही तिचीच.

ही विहीर आमच्या आणि शेजारच्या घरांच्या सामाईक अंगणात होती. दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की ती उपसून गाळ काढायचा. भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत मधुकाका आत उतरायचा. पोहण्यात आणि चढण्या-उतरण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. तो उतरायच्या आधी आत्या काठावरच्या दगडाला हळदकुंकू लावी, नारळ फोडी आणि एक लहानसा कंदील पेटवून बादलीत ठेवून ती बादली तळापर्यंत सोडी. हा दिवा आसरांसाठी, म्हणजे पाण्यातल्या देवतांसाठी. मग ती काठावर हात टेकून वाकून बघत बसायची. खाली ज्योत नीट दिसली की म्हणायची, “हाव. उतर आता.” मी लहान असताना एका वर्षी तो कंदील अर्ध्यावरच विझला. वर काढून पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. आत्यानं पदर कमरेला खोचला आणि जाहीर केलं की आसरा रुसल्या आहेत, आज कुणी उतरणार नाही. माणसं कुरकुरत घरी गेली. दिवसभर विहीर उघडी राहिली, पोरांनी हौसेनं तिच्यात बादल्याच बादल्या पाणी ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी दिवा तळापर्यंत जळत गेला. “हसल्या,” आत्या म्हणाली. बाबांच्या दृष्टीनं मात्र एक रजा फुकट गेली होती. ते पूजेला कधी नाही म्हणाले नाहीत, पण पूजा हे काम नव्हे, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. कंदील देवघरातून यायचा आणि देवघरात जायचा. ओट्यावर तो कधी मांडला गेला नाही.

मग नळ आले. घरात तोटी फिरवली की पाणी येतं याचं आम्हा सगळ्यांना इतकं अप्रूप वाटलं की विहिरीकडे कुणी बघेना. त्यातच एक मांजर आत पडली. मग बाबांनी विहिरीवर टिनाचे पत्रे टाकले, त्यांवर दगड ठेवले, आणि आसपासचा पाला, घाण, पावसाचं पाणी फटींतून आत जात राहिलं. एक-दोन उन्हाळे असेच गेले. अंगणात खेळताना त्या पत्र्यांवर चेंडू पडला की आतून जो आवाज यायचा तो मला अजून आठवतो. भरलेल्या पोटावर थाप मारावी तसा. आम्ही तो आवाज ऐकायला मुद्दाम चेंडू टाकायचो.

मधुकाकाचं लग्न ठरलं तेव्हा विहिरीची आठवण झाली. मांडव अंगणातच पडणार होता, आणि नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे ते नऊ दिवस, तोंडावर आला की नळाची धार करंगळीएवढी होते. एवढ्या पाहुण्यांना पाणी कुठून आणायचं? विहीर साफ करायची. बाबांच्या अंगात उत्साह संचारला. इतकं मोठं काम त्यांनी घरी कधी काढलं नव्हतं. रोज संध्याकाळी कंपनीतून आले की चहाचा कप घेऊन ते ओट्यावर बसत आणि काम तोडत. पत्रे काढणं वेगळं, पाणी उपसणं वेगळं. गाळ भरणं, ओढणं, वाहून नेणं ही तीन वेगळी कामं, तीन वेगळी माणसं. मधूच्या कमरेला वेगळा दोर, तो बादलीच्या दोरात गुंतायला नको, त्याला वेगळा खिळा. खाली बादली भरली हे वर कळावं म्हणून एका बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी मिळवली आणि तिला दोरी बांधली. मधूनं खालून दोरी ओढली की वर घंटी वाजणार. सगळ्यात शेवटी विहिरीत टाकायच्या लाल औषधाची बाटली. कुठे फट राहू नये म्हणून ते डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं मनात करून बघत. एखादी गोष्ट आठवली की उठून आत जात आणि वस्तू घेऊन येत. इतक्या आनंदात मी त्यांना क्वचित पाहिलं आहे.

त्याच सुमाराला गावाकडून भाऊबंदांतल्या कुणा म्हाताऱ्याच्या मृत्यूची बातमी आली. मी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. पण सुतक ते सुतक. आत्यानं देवघराचा पडदा ओढला. सांजवात बंद झाली. लग्नासाठी आईनं करायला घेतलेल्या शेवया अर्ध्यावर राहिल्या. संध्याकाळी दिवा नाही म्हटल्यावर घर कसंसंच वाटायचं. आम्ही विजेचे दिवे लावायचो, तरी प्रत्येकजण देवघराच्या कोपऱ्याकडे एकदा बघायचाच.

“वसंता, सुतक फिटू दे,” आत्या बाबांना म्हणाली. “मंग उतरव मधूले. मले पूजा करता येत नाही आता.”

“माझी सुट्टी आताच आहे, बाई. कंपनी आता बंद आहे, मंग सुट्टी भेटत नाही. पंपवालाही आताच मोकळा आहे.”

“अन् पूजा?”

“पूजा मागून करजो ना. विहीर काय पळून चालली?”

आत्यानं पदर सारखा केला. मला वाटलं ती हट्ट धरणार. पण आत्या नियमांची पक्की होती, आणि नियम काय सांगतो ते तिनं स्वतःशी तपासून पाहिलं. “सुतकात दिवा लावता येत नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण सुतकात काम करू नये असं काही नाही. करा. मी हात लावणार नाही.”

एवढंच बोलणं झालं. कुणी चिडलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. बाबांच्या हिशेबानं पूजा वगळली गेली होती आणि आत्याच्या हिशेबानंही पूजाच वगळली गेली होती. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं.

त्या सकाळी ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला होता. शेजारचे गुलाबभाऊ, ज्यांचं चौकात सायकलींचं दुकान होतं, त्यांनी बादलीचा दोर उचलला. गाळ वाहायच्या टोपल्या दोघा-तिघा शेजाऱ्यांनी उचलल्या. मी पन्ह्याचा माठ आणि पेला उचलला. मधुकाकानं कमरेचा दोर स्वतःच उचलून गळ्यात हारासारखा घातला आणि मला म्हणाला, “पाह्य वं बेबी, नवरदेव दिसतो का नाही?” आत्या मागच्या पायरीवर पाठ भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिला तसं रिकाम्या हातानं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पत्रे निघाले तेव्हा आतून वासाचा असा भपकारा आला की सगळे मागे सरले. कुजल्या अंड्यासारखा वास. कुणीतरी मेलेल्या मांजरीच्या नावानं विनोद केला. पंप लागला, काळं पाणी पन्हाळीतून गल्लीत वाहू लागलं, आणि तळ दिसायला लागला तसे गाळातून बुडबुडे यायला लागले. एक फुटला की दुसरा, सावकाश. दरवर्षी पाणी उपसलं की बेडूक उड्या मारत, चिखलात काहीतरी वळवळत असे. आम्ही पोरं ते बघायलाच काठाशी गर्दी करायचो. त्या वर्षी खाली काहीही हलत नव्हतं. मी हे आईला सांगायला गेले. ती चुलीपाशी गोळाभातासाठी बेसनाचे गोळे वळत होती. म्हणाली, “बरंच झालं, घाण कमी.”

मधुकाका शीळ घालत उतरला. शीळ खाली जात जात घुमत मोठी होत गेली. “बाप्पा, काय वास आहे!” तो तळातून ओरडला, आणि सगळे हसले. पहिली बादली गुलाबभाऊंनी घाईनं, घंटी वाजायच्या आधीच ओढली. ती तिरपी झाली आणि सगळा गाळ काकाच्या डोक्यावर. खालून शिव्या आल्या. बाबांनी लगेच नियम घातला, “घंटी वाजल्याबिगर कोणी दोराले हात लावायचा नाही.” त्यानंतर काम सुरेख लागलं. घंटी, ओढणं, टोपली, रिकामी बादली खाली. पुन्हा घंटी. बाबा काठाशी उभे राहून एकेका वस्तूकडे बघत होते, आणि प्रत्येक वस्तू ज्याच्या त्याच्या हातात होती. मध्ये एकदा काका ओरडला, “दादा, आता वास नाही येत!”

“साफ होऊन राहिली ना,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता.

नंतर खूप वर्षांनी मला एका जाणत्या माणसानं सांगितलं की त्या विषारी हवेत आधी नाकच मरतं. वास येत नाही म्हणजे हवा बरी झाली असं नव्हे. हे वाक्य ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यानंतर घंटी एकदा वाजली, मग बराच वेळ वाजली नाही. गुलाबभाऊ दोर धरून उभे होते. टोपलीवाले टोपल्या उलट्या करून त्यांवर बसले. पंप बंद केलेला होता, त्यामुळे अंगणात एकाएकी किती शांत झालं आहे हे जाणवलं. आईच्या कढईतली फोडणी तडतडताना ऐकू आली. घंटी खांबाला टांगलेली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. कुणीही निष्काळजी नव्हतं. प्रत्येकजण आपलं काम सुरू व्हायची वाट बघत होता. आणि वाट बघणं हे आमच्या घरात काम नव्हतं.

आत्या पायरीवरून उठून आली. “मधू काहून बोलत नाही?”

“बादली भरून राहिला असन, बाई.”

“शीळ काहून नाही?”

बाबांनी तोंडाशी हात धरून हाक मारली. आतून त्यांचीच हाक परत आली. गुलाबभाऊंनी वाकून पाहिलं. “बसला आहे,” ते म्हणाले. “भिंतीले टेकून बसला आहे, नाना. थकला असन.” पण हे बोलतानाच त्यांचा आवाज बदलला, आणि त्यांनी दोर टाकून एक पाय काठावरून आत घातला. आत्यानं मागून त्यांचा सदरा दोन्ही हातांनी धरला. सदरा पाठीवर टरकन फाटला तरी तिनं सोडला नाही. “कोणी उतरायचं नाही!” ती किंचाळली. “एकाले घेतलं तिनं, अजून देऊ का? ओढा! वरूनच ओढा!” कमरेचा दोर वेगळ्या खिळ्याला होता, कशात गुंतलेला नव्हता. बाबांनी आणि बाकीच्यांनी तो ओढला. मधुकाका वर आला तेव्हा कमरेत दुमडलेला होता, हातपाय खाली लोंबत होते, आणि ओठ जांभळे. त्याला फरशीवर निजवलं. बाबा त्याच्या छातीवर तळहात दाबत नुसते “मधू, मधू” म्हणत राहिले. कधीतरी त्याच्या घशातून खरखर आवाज आला. आईनं गुलाबभाऊंच्या अंगावर ओरडून रिक्षा आणवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “उतरायच्या आधी दिवा नव्हता सोडला का?” ते सहज विचारत होते, पुढे होऊ नये म्हणून. आत हवा वाईट असली की ज्योत टिकत नाही, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. बाबा आणि आत्या शेजारी शेजारी बाकावर बसले होते. “तो तर आसरांचा होता,” आत्या म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणाली. डॉक्टर निघून गेल्यावर ती बाबांकडे वळली. “मले मालूम असतं तर सुतक मोडलं असतं रे मी.” बाबा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “मले मालूम असतं तर ओट्यावर मांडला असता.”

ही हकीकत कुणाला सांगितली की लोक खूश होऊन म्हणतात, बघा, आपल्या चालीरीतींमागे कसं शास्त्र असतं. मला संताप येतो. कसलं शास्त्र? आत्याला ठाऊक असतं तर मधुकाका शीळ घालत लग्नाला उभा राहिला असता. माझा भाचा मिहानमध्ये संगणकाच्या कंपनीत आहे. परवा त्यानं मला कौतुकानं पडद्यावर दाखवलं, त्यांचं मोठं काम लहान लहान चौकोनांत तोडून कसं लावतात, प्रत्येक चौकोनावर एकाचं नाव, आणि काम झालं की चौकोन डावीकडून उजवीकडे सरकतो. मी बघत राहिले. मी त्याला विचारलं, “जे तुमच्या लेखी कामच नाही, ते यात कुठे दिसतं?” तो म्हणाला, “मावशी, जे काम नाही ते कशाला दिसेल?” बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याच्या वयाच्या बाबांनीही हेच उत्तर दिलं असतं.

मधुकाका घरी आला. चालत आला, आम्हाला सगळ्यांना ओळखलं, मला बेबी म्हणून हाक मारली. आईनं दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्हाला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला आणि बाहेरच आला नाही. बाबांनी दार ढकललं तर तो कपड्यांसकट बादलीशेजारी उभा होता. पाणी निवून गेलं होतं. त्याला विचारलं, तर म्हणाला, “आंघोळ करून राहिलो ना.” ताटासमोर बसवलं तर ताटाकडे बघत बसायचा. भाकरी काय हे त्याला कळत होतं, भूक लागल्याचंही कळत होतं. त्यांच्या मधलं काहीतरी तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा मिळाली नाही तेवढा वेळ. भरून येईल का, तर बघू. मुलीकडची माणसं येऊन भेटून गेली. चांगली माणसं होती, जाताना रडली. मांडव पडला नाही.

विहीर तशीच उघडी होती आणि ओटाही तसाच. डावीकडे अजून मागाहून गाळ पसरायचं फावडं होतं आणि लाल औषधाची बाटली होती. त्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. सुतक फिटलं त्या सकाळी मी उठले तर बाबा ओटा झाडत होते. फावडं, बाटली, सगळं त्यांनी दूर केलं. मग आतून एकेक वस्तू आणली. दातांच्या पावडरीची डबी. तांब्या. साबण. टॉवेल. बनियन. सदरा. कंगवा. डावीकडून उजवीकडे. कंपनी उघडली होती, बाबांनी जायचे कपडे घातले होते, डबा भरून तयार होता. ते मधुकाकाला हाताला धरून घेऊन आले आणि ओट्यावर त्याच्याजवळ बसले. मी दारात उभी होते. मला कळलं ते काय करताहेत, आणि मला ओरडावंसं वाटलं की नको, हे नको, तो मधुकाका आहे, तो एका झपाट्यात उरकणारा माणूस आहे.

इतक्यात आत्या आतून आली. तिच्या हातात तो कंदील होता, पेटवलेला, भर सकाळी. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बाबांच्या ओट्यावर काहीतरी ठेवलं. सगळ्यात डावीकडे, पावडरीच्या डबीच्याही आधी. ठेवून ती आत निघून गेली. तो बाबांवरचा ठपका होता की स्वतःवरचा, हे मी पुढे तिला पुष्कळदा विचारलं. तिनं सांगितलं नाही.

मधुकाकानं ओट्याकडे पाहिलं. कुठून सुरुवात करायची हे त्याला बरोबर ठाऊक होतं. या घरात वाढलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. त्यानं डावीकडची पहिली वस्तू उचलली. कंदील हातात धरून तो बराच वेळ ज्योतीकडे बघत राहिला. मग आज्ञाधारक पोरासारखं त्यानं विचारलं, “दादा, याचं काय काम आहे?”

चौकात बसचा पहिला भोंगा वाजला.

“ते तुझं नाही, मधू,” बाबा म्हणाले. “माझं आहे. दे इकडं.”

त्यांनी कंदील घेतला. मला वाटलं, ते फुंकर घालतील, किंवा उठून उजव्या टोकाला नेऊन ठेवतील. त्यांनी काहीच केलं नाही. दुसरा भोंगा वाजला, बस गेली. मग बाबांनी कंदील मांडीवर ठेवला, एका हातानं तो घट्ट धरला, आणि दुसऱ्या हातानं पावडरीची डबी उचलून मधुकाकाच्या हातात दिली.

“आधी हिचं झाकण काढ,” ते म्हणाले. “बस. आता तेवढंच.”